नाकेदारांचं लायसन

शंकरअण्णा पायी चालतानासुद्धा हात दाखवायचे. उजवीकडच्या बोळात वळायचं असलं, की बोळ यायच्या बऱ्याच आधीपासून त्यांचा उजवा हात खांद्याच्या रेषेत ताठ बाहेर निघायचा. डावीकडे जायचं असलं, की तोच हात ताक घुसळल्यासारखा हवेत गोल फिरायचा. थांबायचं असलं, की तळहात वर. बाजाराच्या दिवशी पावलापावलाला कुणी ना कुणी भेटायचं, त्यामुळे त्या दिवशी अण्णांचा तळहात खाली येतच नसे. परगावच्या माणसांना वाटायचं, हे गृहस्थ आशीर्वाद देत चाललेत. डोंगरातून लोणी विकायला आलेल्या एकदोघी म्हाताऱ्या त्यांच्या पायाही पडल्या. अण्णांनी त्यांना बाजूनं जायची खूण केली आणि पुढं गेले.

भोरात याचं कुणाला हसू येत नसे. अण्णा मोटरसायकलच्या परीक्षेची तयारी करताहेत, हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त तेव्हा त्यांच्याकडे मोटरसायकल नव्हती.

"गाडी आल्यावर हात शिकवायचा का गाडी शिकायची?" अण्णा मला म्हणाले. "आदी हात तयार पायजे. गाडी काय, कवाबी येईल."

मला म्हणाले, कारण लढाईत मी लष्कराचे निरोप घेऊन मोटरसायकल पळवलेली होती. लढाई संपल्यावर मी भोरात येऊन सायकलींची पंक्चरं काढायला लागलो, पण मोटरसायकलचं लायसन असलेला गावात मी एकटाच होतो, आणि ही गोष्ट मी कुणाला विसरू देत नसे.

अण्णा संस्थानच्या वेळचे नाकेदार. गावात शिरणाऱ्या रस्त्यावर एक आडवा बांबू, शेजारी पत्र्याची खोली आणि खोलीच्या दारात अण्णा, असा आमचा जकात नाका होता. माल कुणाचाही असो, अण्णांचा तळहात वर झाला की गाडी उभी. मग संस्थान विलीन झालं आणि नाका उठला. बांबू कुणीतरी मांडवाला नेला, पत्रे दुसऱ्या कुणी गोठ्यावर घातले, अण्णांना घरी बसवलं. विलीनीकरणाचं बैलांना मात्र कुणी सांगितलं नाही. नाक्याच्या जागी आले की ते आपोआप उभे राहायचे, शेपट्या हलवत क्षणभर थांबायचे आणि मग चालू लागायचे. गाडीवानही त्यांना घाई करत नसत. बरेचसे तेवढ्यात विडी पेटवून घेत.

आता साठीकडे झुकलेल्या माणसाला मोटरसायकल कशाला हवी, असं कुणी विचारील. त्याचं कारणही सगळ्या भोराला ठाऊक होतं, आणि ते त्याच नाक्यावर घडलेलं होतं.

अण्णांची बायको सरूकाकू विंझरच्या पुढच्या एका वाडीतली. डोंगराच्या अंगाला त्यांच्या वडलांची भातखाचरं होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी हे वडील लेकीला नवा आंबेमोहोर द्यायला म्हणून गाडी जुंपून भोराला आले. नाक्यावर जावईच उभा. म्हाताऱ्याला वाटलं, जावई पुढं होऊन बैलांचा कासरा धरील. जावयानं तळहात वर केला.

"मामा, पोत्यात काय हाय?"

"तुज्या बायकूचा तांदूळ."

"इकायचाय?"

"लेकीला द्यायचाय."

"देन्याघेन्याला सूट न्हाई, मामा. जकात पडंल."

सासऱ्यांनी जकात टाकली. पोतं तिथंच नाक्यावर उतरवलं, गाडी वळवली आणि लेकीचं तोंडही न बघता माघारी गेले. त्यानंतर त्या घरातून बोलावणं आलं नाही, आणि बोलावण्याशिवाय माहेरी जाणाऱ्यांतल्या सरूकाकू नव्हत्या.

मी अण्णांना एकदा विचारलं होतं, "जकात तुमीच खिशातनं भरायची की."

"नाकेदारानं दुसऱ्याची जकात भरू नये असा नियम व्हता," अण्णा म्हणाले. नियम कुणी केला होता ते मला माहीत नाही. मला शंका आहे की अण्णांनीच.

पुढं सरूकाकू विहिरीवर पाय घसरून पडल्या आणि त्यांचा खुबा कायमचा अधू झाला. बैलगाडीचे धक्के त्यांना सोसवत नसत आणि एसटीची पायरी चढवत नसे. डोलीतून नेऊ म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "मेल्याव न्या." अशात वाडीहून आलेल्या एका धनगरानं सांगितलं, की म्हातारा आता थकलाय, अंगणापलीकडे येत नाही. बोलावणं नव्हतंच, नुसती खबर होती. पण ती ऐकल्यापासून काकू भाकरी थापता थापता मधेच थांबायला लागल्या.

त्या आठवड्यात अण्णांनी हात दाखवायला सुरुवात केली. म्हाताऱ्याचे डोळे मिटायच्या आत सरूला माहेरी न्यायचं, ते आपण स्वतः न्यायचं, आणि रीतसर लायसन काढून न्यायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

पुढच्या महिन्यात पुण्याच्या बाजूला कुठंतरी लष्करी सामानाचा लिलाव झाला. तिथून अण्णांनी एक मोटरसायकल आणली. तिला उजव्या-डाव्या कुठल्या बाजूनं बघावं तेच कळत नसे, इतकी ती पोचे पडलेली होती. पण तिला साइडकार होती. बुटकी, खोलगट, आत बसायला गादी. अधू माणसाला पाय न उचलता बसता येईल अशी. गावानं तिचं नाव पाळणा ठेवलं.

शिकवणी माझ्या दुकानामागच्या परड्यात सुरू झाली. पहिल्या दिवशी अण्णा स्वच्छ धोतर, कोट आणि टोपी घालून आले. मी किक कशी मारायची ते सांगायला लागलो.

"वस्ताद," अण्णा म्हणाले, "आदी थांबवायला शिकवा. चालवायचं मागनं बगू."

अण्णांची एक रीत होती. शिकवणीच्या वेळात मी वस्ताद आणि मला 'तुमी'. गाडीवरून उतरले की मी पुन्हा 'तू', आणि वर "सायकली रस्त्यात मांडत जाऊ नगंस" म्हणून दम. तर वस्तादांनी आठवडाभर बंद गाडी मागून ढकलली आणि अण्णांनी आठवडाभर ब्रेक दाबला. लष्करात असताना बर्माच्या चिखलातून मी मोटरसायकल काढली आहे. इतका घाम तेव्हाही आला नव्हता.

शेवटी इंजिन सुरू केलं, तर नवीनच अडचण. अण्णा हॉर्न वाजवीनात. हॉर्न म्हणजे माणसावर भुंकणं, असं त्यांचं मत होतं. शिवाय गावातल्या प्रत्येकाला ते नावानं ओळखत. त्यामुळे समोर कुणी आलं की गाडी हळू करून ते हाक मारत, "सखाराम, वाईच कडंला हो." सखाराम कडेला व्हायचा आणि वर विचारायचा, "कुठं निगाला, अण्णा?" मग अण्णांना सांगणं भाग पडायचं. अण्णांची मोटरसायकल गावातून एक फेरी मारायला बैलगाडीपेक्षा जास्त वेळ घ्यायची, याचं कारण हे होतं.

साइडकार रिकामी ठेवून शिकण्यात अर्थ नव्हता, कारण गाडी एका अंगाला ओढते. शिकाऊ माणसानं शिकवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणाला बसवायचं नाही, असा कायदा. अण्णांनी भाताचं पोतं बसवलं. "पोतं काय मानूस न्हाई," असं त्यांनी मला दोनदा सांगितलं, म्हणजे त्यांना स्वतःला खात्री करून घ्यायची असावी. पोत्यात भात किती भरायचा, यासाठी काकूंचं वजन कळणं जरूर होतं. ते विचारायची त्यांची छाती होईना. शेवटी अंदाजानं भरलं. पोत्याला धूळ लागू नये म्हणून काकूंचं एक जुनं लुगडं गुंडाळलं. आणि मग रोज निघताना अण्णा त्या पोत्याकडे वळून म्हणायचे, "दोनी हातांनी धरून बस. पदर आत घे."

मागं बसलेल्या माझ्याकडे बघून लोक मान हलवायचे. मी आकाशाकडे बघत बसायचो.

दोन महिन्यांनी पुण्याहून परीक्षेचे साहेब आले. बारीक अंगाचे, चष्मेवाले, कडक इस्त्रीचे. त्यांनी हाताच्या खुणा विचारल्या. अण्णांनी त्या अशा केल्या, की साहेबांनी पुन्हा एकदा करायला सांगितल्या, नुसतं बघायला. मग साहेब साइडकारमध्ये बसले आणि म्हणाले, "चला."

अण्णा त्यांच्याकडे वळून म्हणाले, "दोनी हातांनी धरून बसा. पदर आत घ्या."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मात्र कोटाचं टोक त्यांनी आत घेतलं, हे मी पाहिलं.

फेरी चांगली चालली होती. नदीच्या बाजूनं वळसा घेऊन गाडी गावाकडे परत येत होती, पुढं एक बैलगाडी होती. मी नाक्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत होतो. नाक्याच्या जागी बैलगाडी थांबली. तिच्यामागं अण्णांचा तळहात वर झाला आणि मोटरसायकलही थांबली. बैल शेपट्या हलवून निघून गेले. अण्णा उभेच.

"का थांबलात?" साहेबांनी विचारलं.

"नाका हाय."

साहेबांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. दोन्हीकडे घाणेरीची झुडपं होती. "कुठं आहे?"

अण्णांनी थोडा विचार केला. "व्हता," ते म्हणाले.

साहेबांनी त्यांना नापास केलं. मोकळ्या रस्त्यात विनाकारण थांबतात, असं कारण दिलं. मी साहेबांशी भांडायला निघालो होतो, तर अण्णांनीच मला मागं ओढलं. "सायबांचं बराबर हाय. नाका नसंल तितं थांबायचा मला काय अदिकार? मी असतो तर मीबी नापास केलं असतं."

पुढची परीक्षा महिन्यानंतर होती. आणि त्याच आठवड्यात तो धनगर बाजाराला आला, माझ्या दुकानापुढं उकिडवा बसला आणि म्हणाला, "म्हाताऱ्यानं अंथरून धरलंया. निस्ती पेज घेतोय."

मी तडक अण्णांच्या घरी गेलो. अण्णा ओट्यावर बसले होते, काकू आत चुलीपुढं. मी म्हटलं, "अण्णा, आत्ता निघू. काकूंना बसवा, गाडी मी घेतो. संध्याकाळच्या आत वाडीत."

"मी तोडलंय. मीच जोडनार."

"मग तुमीच चालवा. त्या रस्त्याला लायसन कोन बगतंय?"

"म्या बगतोय की," अण्णा म्हणाले.

तेव्हा काकू भिंतीला धरून धरून दारात आल्या. त्यांचा आवाज त्या घराबाहेर कुणी कधी ऐकला नव्हता. "माजा बा मरंना का," त्या म्हणाल्या, "तुमचा कायदा जगू द्या. एकदा त्यानं माजा बा माघारी लावला. आता मला लावा." आणि आत जाऊन त्यांनी दार लोटून घेतलं.

मला अण्णांचा इतका राग आला, की मी जोडा घालताना डावा-उजवा बदलून घातला आणि तसाच घरी आलो. त्या दिवसापासून काकू अण्णांशी बोलेनाशा झाल्या. मी गेलो की मला म्हणायच्या, "त्यास्नी सांग, वाढलंया." अण्णा समोर बसलेले. मी सांगायचो. अण्णा मला म्हणायचे, "तिला सांग, आलो." मी तेही सांगायचो.

दुसऱ्या दिवसापासून अण्णा पोतं घेऊन नाक्याच्या जागेवरून जा-ये करायला लागले. मी मागं. माणूस एरवी थांबायला शिकतो, अण्णा न थांबायला शिकत होते. झुडपं जवळ आली, की त्यांचा उजवा हात हँडल सोडायला बघायचा, पाय ब्रेकवर जायचा, गाडी आचके द्यायची. मी मागून ओरडायचो, "चला, चला!" पुन्हा वळायचं, पुन्हा तेच. पंधरा दिवसांत एकदासुद्धा गाडी न थांबता पार झाली नाही. अण्णांचे गाल बसले. एकदा थांबल्यावर ते म्हणाले, "वस्ताद, म्हातारा तितंच गाडी वळवतोय असं दिसतंय मला. रोज." मग मी ओरडायचं सोडलं. नुसता त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसायला लागलो. माझा राग तोवर उतरलेला होता. तो माणूस वाडीला जायला किती तळमळत होता, ते मला त्या खांद्यावरून कळत होतं.

परीक्षेच्या दिवशी साहेब बसले. अण्णांनी त्यांना धरून बसायला सांगितलं, पदराचं सांगितलं नाही. मी नाक्याच्या जागीच जाऊन उभा राहिलो. परतीच्या वाटेवर गाडी दिसली. अण्णांचं तोंड पांढरं पडलं होतं. दोन्ही हातांनी त्यांनी हँडल असं आवळलं होतं, की मुठी सोलल्या असतील. झुडपांपाशी आल्यावर त्यांनी मान खाली घातली, आडव्या बांबूला डोकं लागू नये म्हणून घालावी तशी, आणि गाडी पार झाली.

साहेबांनी त्यांना पास केलं. मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मान का खाली घातली?" मी म्हटलं, "डोळ्यात चिलट गेलं असेल, साहेब." अण्णांनी ते ऐकलं नाही, नाहीतर त्यांनी खरं सांगून परत नापास करून घेतलं असतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो. साइडकारमध्ये काकू, नवं लुगडं, मांडीवर ओटीचं सामान. मागं मी, गाडी बिघडली तर असावा म्हणून. नसरापूरपर्यंत सायकलवाले आम्हाला मागं टाकून जात होते. विंझर मागं पडलं, डोंगर जवळ आला, आणि काकू एकदम म्हणाल्या, "अवो, वाईच पळवा की."

महिन्याभरानं त्या थेट अण्णांशी बोलल्या होत्या. अण्णांनी गाडी पळवली. म्हणजे सायकलवाले आमच्या बरोबरीनं यायला लागले.

म्हातारा जिवंत होता. ओसरीवर बाजेला टेकवून बसवलेला, हाडांवर नुसतं कातडं. मी आणि काकूंच्या भावानं काकूंना धरून नेलं. बापलेकीनं एकमेकांना मिठी घातली आणि दोघं अशी रडायला लागली, की मी खाली बघत राहिलो. अण्णा आले नव्हते. अंगणाबाहेर गाडीपाशी उभे होते, टोपी हातात घेऊन.

"त्यो कुटं हाय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"भाईर," काकू म्हणाल्या. "त्यास्नी बोलावनं न्हाई."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. मग म्हणाला, "मंग बोलवा की. जावयाला काय उनात हुबं करायचं?"

अण्णा आले, खाली वाकले, म्हाताऱ्याच्या पायांवर डोकं ठेवलं आणि उचलीनात. म्हाताऱ्याचा हात हलला, त्यांच्या टकलावर जाऊन थांबला.

"तांदूळ कसा व्हता?" त्यानं विचारलं.

"हिनं शिजवला," अण्णा खालूनच म्हणाले. "मला गिळला न्हाई, मामा."

म्हाताऱ्यानं लेकाकडे बघून चुलीकडे बोट केलं. त्या दुपारी अण्णा आंबेमोहोराचा भात तीनदा मागून जेवले, आणि म्हातारा बाजेवरून बघत होता.

काकू तिथंच राहिल्या. म्हाताऱ्याचं होईल ते होईपर्यंत राहायचं ठरलं. उन्हं कलल्यावर आम्ही दोघं परत निघालो. रस्ता खड्ड्याखड्ड्यांचा. अण्णा प्रत्येक खड्ड्यातून साइडकारचं चाक अचूक वाचवत होते, आणि त्यासाठी आपलं चाक बेधडक खड्ड्यात घालत होते. मागं बसून माझी हाडं खिळखिळी झाली.

"अण्णा," मी शेवटी म्हटलं, "त्यात कुनी न्हाई."

"ठावं हाय."

विंझर आलं. मग अण्णा गाडी हळू करून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "लगीन झाल्यापास्नं ती एक रात माज्याबिगर ऱ्हायली न्हाई रं. लोकांस्नी वाटायचं, लई माया. जायला तिला जागाच म्या ठेवली न्हवती." थोडं पुढं गेल्यावर म्हणाले, "आता हाय. ऱ्हाऊ दे. पर मला घरी जाववंना."

मी त्यांना म्हटलं, "मग आमच्याकडं चला. भाकरी खाऊन तिथंच पडा." अण्णांनी मान डोलावली. वस्तादाचं म्हणून ऐकलं की नुसतं माझं म्हणून, ते त्यांनी सांगितलं नाही. त्या रात्री ते आमच्या ओसरीवर झोपले, आणि काकू परत येईपर्यंत रोज झोपले.